रॉकस्टारचं व्यसन-पुस्तक वाचून घरीच गोळ्या सोडायला निघालेल्या मित्राला

अमळनेरच्या एका तरुणाने विचारलेल्या प्रश्नांचं हे उत्तर आहे. मी स्वतः व्यसनातून बाहेर आलेला वादक, आता व्यसन सोडणाऱ्यांसोबत काम करतो. वय चोवीस. बेंजो ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवतो, गिटार स्वतःच्या आनंदासाठी. दोन वर्षांपासून सुपारीवर, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाला, निघण्याआधी कुत्ता गोळी, मधल्या वेळात खोकल्याच्या औषधाची बाटली आणि रात्री परतताना दारू, असा रोजचा क्रम झाला आहे. मॉटली क्रू या अमेरिकन रॉक बँडचा बासवादक निकी सिक्स याने हेरॉइनच्या दिवसांतली आपली डायरी छापली, ती त्याने मोबाइलवर दोन रात्रींत वाचून काढली. त्याचे प्रश्न तीन. गोळीशिवाय स्टेजवर हात चालत नाहीत, मग सोडल्यावर वाजवता येईल का? घरीच खोलीचं दार लावून चार दिवस सहन केलं तर चालेल का? आणि हे पुस्तक ग्रुपमधल्या पॅडवाल्याला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्याला, वाचायला देऊ का, कारण तो आपल्यापेक्षाही पुढे गेला आहे?

मित्रा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्यात उशीर झाला तर बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थ उरणार नाही.

घरी दार लावून एकदम गोळी सोडू नकोस. हिंमत आहे म्हणून नको, आईला शपथ दिली आहे म्हणूनही नको. डॉक्टर भेटेपर्यंत काल घेतलीस त्यापेक्षा एकही जास्त घेऊ नकोस, पण झटक्यात शून्यावरही येऊ नकोस.

रॉकवाल्यांच्या अशा पुस्तकांत माणूस खोलीत स्वतःला कोंडून घेतो, घामाने अंथरूण भिजवतो, भिंतीवर डोकं आपटतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेर येतो. ती बहुतेक वेळा हेरॉइनची टर्की असते, म्हणजे नशा बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास. आपल्याकडे गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्यांतही हाच शब्द आहे. ही टर्की शेवटच्या डोसानंतर सहा ते बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि आठवडा-दहा दिवसांत उतरते. नाक-डोळे गळतात, हाडं मोडल्यासारखी दुखतात, उलट्या-जुलाब थांबत नाहीत. मी ती स्वतः तीनदा काढली आहे, त्यामुळे ती सोपी असते असं कधीच म्हणणार नाही. पण धडधाकट तरुण माणूस त्यात सहसा मरत नाही, शरीरातलं पाणी संपू दिलं तर मात्र मरू शकतो.

तुझी गोष्ट वेगळी आहे. कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. मालेगाव-धुळ्याकडे पोरं तिला या नावाने ओळखतात, डॉक्टर ती घबराटीच्या आजारात थोड्या दिवसांसाठी लिहून देतात. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन ब्रेकचं काम करतं, आणि ही गोळी तो ब्रेक आणखी दाबून धरते. दोन वर्षं रोज बाहेरून कोणी ब्रेक दाबत राहिलं की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो आणि गाडी चालती राहावी म्हणून रेस वाढवतो. अशात एके दिवशी तू गोळी बंद केलीस की वाढलेली रेस तशीच राहते आणि ब्रेक लागतच नाही. मग हातपाय थरथरतात, झोप उडते, छाती धडधडते आणि पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते. फिट दार बंद असलेल्या खोलीत आली तर काय होईल, ते तूच बघ. त्यात दारूही त्याच ब्रेकवर काम करते. दोन्ही एकाच दिवशी बंद केल्यास धोका आणखी वाढतो.

चोपड्याकडचा एक मुलगा मला आठवतो. दारू सुटावी म्हणून घरच्यांनीच त्याला कोठीच्या खोलीत ठेवलं होतं, प्रेमापोटी. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या चालताना दिसू लागल्या, मेलेली आजी हाका मारू लागली, तो अंगावरचे कपडे ओरबाडू लागला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी लागलं, म्हणून आधी भगताकडे नेलं. आमच्याकडे आणला तेव्हा चौथा दिवस होता, ताप एकशे तीन. आई दारातच बसून म्हणाली, "भाऊ, मना आंडोर मालेच वळखस नही." (माझा मुलगा मलाच ओळखत नाही.) दारू एकदम तुटल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसात जो भ्रम होतो, तो हा. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणसं दगावतात. हा मुलगा वाचला. आता ट्रॅक्टरचं गॅरेज चालवतो.

योग्य रीत फार साधी आहे आणि तिच्यात शौर्य काही नाही. मानसोपचारतज्ज्ञ तुझ्या गोळीच्या जागी जास्त वेळ टिकणारी, त्याच जातीची गोळी देतो आणि ती काही आठवडे, कधी काही महिने घेऊन पायरी पायरीने कमी करतो. दारूसाठी बी-वन जीवनसत्त्व देतात, गरजेप्रमाणे सलाइन. पहिले काही दिवस दवाखान्यात राहणं बरं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा पातळीच्या सरकारी रुग्णालयांत चौकशी कर, तिथे लाज वाटून घेण्याचं कारण नाही. कोणाशी बोलायचंच असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फक्त व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. आणि खरं ते सांग. किती गोळ्या, किती बाटल्या. डॉक्टरला दहाच्या जागी चार सांगितल्या तर तो चारांच्या हिशोबाने औषध देईल, आणि उरलेल्या सहांची फिट तुझ्या अंगावर येईल.

खोकल्याच्या बाटलीबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण तू तिचा उल्लेख जाता जाता केलास. नशेसाठी घेतात त्या औषधात सहसा कोडीन असतं. कोडीन हे अफूच्या घराण्यातलं, हेरॉइनचं लांबचं भावंड. म्हणजे "मी तर फक्त गोळ्या घेतो" हे तुझं वाक्य अर्धंच खरं आहे. गोळी, कोडीन आणि दारू ही नावं तीन असली तरी तिन्ही मिळून श्वास मंद करतात. पोटात एकत्र गेल्यावर माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास थांबू शकतो. तुमच्या टेम्पोत पहाटे तीन वाजता साउंडच्या बॉक्सवर कोणी झोपलेला असेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील आणि हलवूनही उठत नसेल, तर तो दमला म्हणून झोपलेला नाही. त्याला कुशीवर वळव, तोंडातली ओकारी बाहेर काढ, १०८ ला फोन कर आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ बस. लिंबू पाजू नका, मिठाचं पाणी पाजू नका. दवाखान्यात नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन असतं, ते अफूच्या जातीचा परिणाम मिनिटांत उलटवतं. गोळीचा आणि दारूचा मात्र उलटवत नाही, म्हणून डॉक्टरला तिन्ही नावं सांगायची.

आता तुझा पहिला प्रश्न. हा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण मीही एके काळी हाच विचारला होता.

नव्वदच्या दशकात मी भुसावळच्या एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. भुसावळ जंक्शन, चारी दिशांच्या गाड्या, मुंबईहून गाडीने गर्दची पुडी यायची. पन्नीवर पावडर टाकून खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. चार वर्षं. पहिल्या वर्षी मला वाटायचं की माझ्याइतका रिदम खान्देशात कोणाचा नाही. १९९६ च्या नवरात्रात यावलजवळ एका गावात आमचा कार्यक्रम झाला. त्या रात्री मी आयुष्यातलं सगळ्यात उत्तम वाजवलं, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. पुढे पुण्याला उपचार घेतले, सोबर होऊन आठ महिने झाले, तेव्हा मंडळाच्या एका मुलाने त्या रात्रीची कॅसेट आणून दिली. मी ती खोलीत एकट्याने ऐकली. दुसऱ्या गाण्यापासून लय ढासळत होती. तिसऱ्या गाण्यात अंतऱ्याला मी दोन मात्रा उशिरा आलो होतो आणि गायकाने मला सांभाळून घेतलं होतं. चौथ्यात मी मध्येच थांबलो होतो. माझ्या आठवणीत ते थांबणं नव्हतंच. मी त्या दिवशी खूप रडलो. ज्या रात्रीच्या भरवशावर मी दोन वर्षं जगत होतो, ती रात्र घडलीच नव्हती. ती कॅसेट अजून माझ्या कपाटात आहे.

नशा आधी वाजवणाऱ्याचा कान नेते. हात बिघडायच्या आधी हाताचा हिशोब ठेवणारं मन बिघडतं, म्हणून वाजवणाऱ्याला कळत नाही. तू एक कर. पुढच्या सुपारीला मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून कीबोर्डच्या स्टँडखाली ठेव. सकाळी, गोळी घ्यायच्या आधी, हेडफोन लावून पूर्ण ऐक. माझ्याकडे येणाऱ्या वाजवणाऱ्यांना मी हेच करायला लावतो. नाशिक ढोलवाला असो, ताशावाला असो की सनईवाला. मला काही समजावावं लागत नाही.

तरीही तुझं म्हणणं खोटं नाही. गोळीशिवाय हात थरथरतात, सूर सुचत नाहीत, हे तू अनुभवलं आहेस. याची दोन कारणं आहेत. पहिलं असं की हात गोळीवाचून थरथरत नाहीत, मागची गोळी उतरत असते म्हणून थरथरतात. अल्प्राझोलामचा जोर अर्ध्या दिवसातच बराच ओसरतो, आणि संध्याकाळी कार्यक्रमाआधी तू नेमका त्या उतारावर असतोस. पुढची गोळी तो थरथराट थांबवते आणि तुला वाटतं तिने कला दिली. तिने स्वतःच आणलेला त्रास घटकाभर परत घेतला, इतकंच. दुसरं कारण असं की ज्या अवस्थेत माणूस एखादी गोष्ट शिकतो, त्याच अवस्थेत ती त्याला सहज आठवते. प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे. गेल्या दोन वर्षांत बसवलेली गाणी तू नशेत बसवलीस, म्हणून शुद्धीत ती परकी वाटतात. ती पुन्हा बसवावी लागतील, शून्यापासून नव्हे पण बरीच खालून. सोबर झाल्यावरचे पहिले तीन महिने वाजवणं कोरडं वाटतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण याच कोरडेपणात बहुतेक वाजवणारे परत फिरतात. "सोडलं आणि कला गेली" असं म्हणतात आणि पहिली बाटली उघडतात.

तुझ्या पुस्तकवाल्याचंच बघ. निकी सिक्सने डायरी लिहिली १९८६ च्या नाताळपासून १९८७ च्या नाताळपर्यंत, आणि छापली २००७ साली. मधली वीस वर्षं तू वाचताना लक्षात घेतली होतीस का? डायरी नशेतल्या माणसाची आहे, पण ती निवडली, जुळवली, आजूबाजूच्या माणसांना बोलतं करून छापली ती पंचेचाळीसच्या पुढच्या, शुद्धीतल्या माणसाने. डिसेंबर १९८७ मध्ये लॉस एंजलिसमध्ये ओव्हरडोसने त्याचं हृदय बंद पडलं आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे तो मेल्यात जमा होता. इंजेक्शन देऊन त्याला परत आणलं. तू लिहिलंस, "मेला आणि पुन्हा उठला." पण त्या पुढचं तू लिहिलं नाहीस. तोच सांगतो की दवाखान्यातून निघून घरी गेल्यावर त्याने पुन्हा टोचून घेतलं. म्हणजे मरणाची भीतीही पुरली नाही. माझ्याकडे येणारे आईबाप म्हणतात, "एकदा याला मेलेला दाखवा, म्हणजे घाबरेल." मी त्यांना हे उदाहरण देतो. भीती दोन दिवस टिकते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला तुझ्यापर्यंत पोहोचवायचीच आहे. त्यानंतर बँड शुद्धीवर आला आणि १९८९ मध्ये त्यांचा जो अल्बम निघाला, तोच त्यांचा अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला एकमेव अल्बम. नशेतल्या वर्षांतला एकही तिथे पोहोचला नव्हता. त्या ओव्हरडोसवरचं त्यांचं प्रसिद्ध गाणंही याच शुद्धीतल्या अल्बममध्ये आहे. तू ज्या आवाजासाठी गोळी घेतोस, तो आवाज त्याला गोळी सोडल्यावर सापडला.

जॅझमध्ये हा घोटाळा फार आधी झाला होता. चार्ली पार्कर, सॅक्सोफोनचा राजा. तो हेरॉइन घेतो म्हणून त्याच्यासारखं वाजवायला निघालेल्या कितीतरी पोरांनी सुई धरली. तो स्वतः मात्र सांगत असे की नशेत आपण चांगलं वाजवतो असं म्हणणारा खोटं बोलतो. १९५५ मध्ये तो वारला तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता, आणि डॉक्टरला त्याचं शरीर पन्नाशीच्या पुढचं वाटलं. त्याने पुस्तक लिहिलं नाही. लिहायला तो राहिलाच नाही. व्यसनावरची आत्मचरित्रं वाचताना हे सतत ध्यानात असावं, की आपल्या हातात येतं ते वाचलेल्यांचं पुस्तक. भुसावळला आम्ही पाच जण एका पन्नीवर बसायचो. आज आम्ही दोघे आहोत. उरलेल्या तिघांनी काही लिहून ठेवलेलं नाही.

प्रसिद्ध ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन याचं आयुष्य मला सिक्सपेक्षाही जास्त उपयोगी वाटतं. व्यसन सोडणाऱ्यांच्या गटात बोलताना मी तेच सांगतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो हेरॉइनमध्ये पूर्ण बुडाला होता. हेरॉइन सोडलं. लोकांना वाटलं सुटला. त्याची जागा दारूने घेतली आणि ती आणखी बारा-तेरा वर्षं पुरली. आपल्याकडे हे रोज दिसतं. गोळी सोडली म्हणून घरचे पेढे वाटतात, आणि पोरगा "फक्त बिअर" वर येतो. सहा महिन्यांत पहिल्या धारेची. व्यसन हा पदार्थाचा आजार नसून त्या माणसाचा आजार आहे, म्हणून तुझ्या तिन्ही वस्तू एकत्र सुटायला हव्यात, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरलेल्या क्रमाने. "दारू राहू द्या, बाकी सोडतो" हा सौदा मी पंचवीस वर्षांत कितीतरी जणांना करताना पाहिला. टिकलेला एकही आठवत नाही.

क्लॅप्टन १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एका उपचार केंद्रात गेला, बाहेर आला आणि काही काळाने पुन्हा प्यायला लागला. १९८७ मध्ये तो परत त्याच दारात गेला. त्यानंतर आजपर्यंत प्यायलेला नाही. मला यातलं ते परत जाणं मोठं वाटतं. पहिल्यांदा घसरलेला आमचा पेशंट लाजेने येत नाही, "भाऊंना कसं तोंड दाखवू" म्हणतो, आणि त्या लाजेत वर्ष-दोन वर्षं जातात. तू घसरलास तर दुसऱ्याच दिवशी ये. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. काही आठवडे शुद्धीत राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते. त्या वेळी "पूर्वी एवढी घ्यायचो" म्हणून जुना डोस घेतला तर तोच डोस जीव घेतो. सोडायला लागलेली माणसं सर्वांत जास्त याच टप्प्यावर दगावतात.

मार्च १९९१ मध्ये न्यूयॉर्कला क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा उंच इमारतीच्या खिडकीतून पडून गेला. तेव्हा त्याला दारू सोडून जेमतेम सव्वातीन वर्षं झाली होती. तो प्यायला नाही. आमच्या गटात कोणी म्हणालं की "बाप वारला म्हणून प्यायलो", "बायको माहेरी गेली म्हणून प्यायलो", तर मी वाद घालत नाही. फक्त हे सांगतो आणि गप्प बसतो. पुढे १९९८ मध्ये त्याने कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं आणि त्याच्यासाठी १९९९ मध्ये आपल्या शंभर गिटार लिलावात विकल्या. मी गर्दपायी माझे पॅड विकले होते, म्हणून त्या शंभर गिटारींचं मोल मला फार वाटतं.

आपल्या भाषेत हे काम कसं सुरू झालं हेही तुला ठाऊक असावं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली तेव्हा अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये जाऊन तिच्याविषयी लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, पैसे देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचट स्वतः बासरी वाजवायचे. व्यसनाबद्दलच्या खऱ्या लिखाणाने माणसं वाचतात, ही त्याची मोठी खूण. म्हणून तू ते पुस्तक वाचलंस याचं मला वाईट वाटत नाही.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेव. माझा पहिला उपचार एका खासगी जागी झाला. तिथे साखळी होती, पट्टा होता, घरच्यांना दीड महिना भेटू देत नव्हते. तिथून सुटलो त्या रात्रीच मी पुडी शोधली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने माणसाला साखळीने बांधायला मनाई केली आहे. जिथे मारहाण होते, डॉक्टर कधी येतो हे कोणी सांगत नाही, किंवा "मुलाला रात्री गाडी पाठवून उचलून आणू" असं म्हणतात, तिथे आईला पैसे भरू देऊ नकोस. पोलिसांची भीती असेल तर हेही सांगतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. जवळ थोडंसं सापडल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जातं.

आणि "सीझन झाला की येतो" म्हणू नकोस. अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की, तुळशीचं लग्न झालं की, हे मी दर वर्षी ऐकतो. चातुर्मासात लग्नाच्या सुपाऱ्या नसतात, तो काळ नवीन सवयी लावायला उत्तम आहे, पण डॉक्टरकडे जायला नव्हे. डॉक्टरकडे या आठवड्यात जायचं.

स्टेजवर परतायचं त्याबद्दल. धोका वाजवताना फारसा नसतो. कार्यक्रम संपला, कानात अजून आवाज घुमतो आहे, हातात रोख पैसे आहेत, नवरदेवाचे मित्र बाटली घेऊन उभे आहेत आणि घर चाळीस किलोमीटर लांब आहे, ते दोन तास खरे धोक्याचे. माझी पद्धत अशी होती. सुपारीचे पैसे ग्रुपच्या मालकाने माझ्या हातात न देता मोठ्या बहिणीकडे पोहोचवायचे. निघताना घरून पोटभर जेवून जायचं, कळण्याची भाकरी, वरण, काहीही, कारण रिकाम्या पोटाला तलफ लवकर लागते. परत यायला टेम्पो नाही, स्वतःची मोटारसायकल. सामान लावून झालं की कोणाची वाट न बघता निघायचं. वाटेत एक ठरलेला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले तरी. माझा फोन उचलणारा भुसावळचा एक निवृत्त गार्ड होता, माझ्याआधी अकरा वर्षं सोबर झालेला. त्याने कधी उपदेश केला नाही. "पोहोचला का?" एवढंच विचारायचा.

पहिले सहा महिने हळदीच्या सुपाऱ्या घेऊ नकोस. पैसे कमी मिळतील. सकाळची कामं घे, भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, मंदिरातले कार्यक्रम. तुझ्या ग्रुपचा मालक नाही म्हणाला तर ग्रुप बदल. हे बोलणं सोपं नाही हे मला माहीत आहे. मी ग्रुप बदलला तेव्हा जुन्या मित्रांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आणि गिटार रोज सकाळी वीस मिनिटं, एकट्याने, एकाच गाण्यावर. चांगलं वाजतंय का हे त्या तीन महिन्यांत ठरवू नकोस. रेकॉर्ड कर आणि तारीख घालून ठेव, चौथ्या महिन्यात ऐक.

घरी काय सांगायचं ते तू विचारलं नाहीस, पण आईला कळलेलं असतं. तू दिवसभर झोपतोस, डोळे जड असतात, घरातलं काही विचारलं तर चिडतोस. तिला कारण ठाऊक नसेल, एवढंच. एकट्याने डॉक्टरकडे जाण्यापेक्षा तिला सोबत ने. औषध तिच्या ताब्यात राहील, ती मोजून देईल. तीसुद्धा दोन वर्षं या आजारात जगते आहे, तिलाही बोलायला कोणी हवं आहे.

आता पॅडवाल्याचा प्रश्न. पुस्तक नुसतं त्याच्या हातात देऊ नकोस. तो अजून पीत असताना वाचेल तर त्याला त्यातल्या गाड्या, पोरी आणि मेल्यावर उठणं दिसेल, जसं सुरुवातीला तुला दिसलं. तू त्याच्या शेजारी बस, त्याला हृदय बंद पडल्याची पानं वाचून दाखव आणि लगेच त्यानंतरची, घरी जाऊन पुन्हा टोचून घेतल्याची. मग तुझ्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग लाव. त्यावर त्याचेही पॅड आहेतच. आणि डॉक्टरकडची तुझी तारीख ठरली असेल ती त्याला सांग. दोघांची एकाच दिवशी मिळाली तर अमळनेरहून एकाच गाडीने या.